पडद्यावरचं नाव

काल तुकोगंजच्या घराचा माळा आवरताना एक जुनं सर्किट कार्ड सापडलं. पुसताना त्याला डाख देताना वापरलेल्या राळेचा जळका, गोडसर वास आला आणि मी थेट पोलोग्राउंडच्या पंप कारखान्यात जाऊन पोहोचले.

तेव्हा मी तिथे स्टोअरचं काम बघायची. नवा युनिक्स कॉम्प्युटर आला होता. त्या एकाच मशीनला सगळ्या विभागांचे टर्मिनल, म्हणजे पडदे आणि कीबोर्ड, जोडायचे, म्हणून जोडणीसाठी जास्तीच्या सीरियल पोर्टचं कार्ड निवडायचं होतं. अनिरुद्ध नावाचा अबोल इंजिनिअर नमुन्यादाखल दोन कार्डं घेऊन आला.

पहिलं बसवून त्याने सगळ्या टर्मिनलवर एकदम मजकूर सोडला. हिरव्या ओळी धावू लागल्या, पण मधूनमधून अक्षरं गळत होती. मी वाकून वाचलं आणि चमकले.

"हे तर माझं नाव आहे!"

त्याचे कान लाल झाले. "टेस्टिंगसाठी कुछ तो लिहावं लागतं ना, वसुधाजी."

मॅनेजर म्हणाले, "एखादं अक्षर गेलं तर काय बिघडतं? हे लगेच मिळतंय, हेच ठेवू."

"नाही सर," एरवी खाली मान घालून बोलणारा तो ठामपणे म्हणाला, "एकही अक्षर जाता कामा नये."

दुसऱ्या कार्डावर प्रत्येक पडद्यावर माझं नाव अखंड उमटत राहिलं. तेव्हा तो मला भारी धीट वाटला होता. आज त्याच्यासोबतच्या इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळतं, बिचाऱ्याला मनातलं तोंडाने बोलायची भीती वाटत होती.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"अजून एकदा चालवून बघा," म्हटलं, "पक्की खात्री होऊ दे."