डावखुरी स्टिक

आमच्या शाळेत हॉकी आली ती चुकून. मागवल्या होत्या कबड्डीच्या मॅट, गोणीतून निघाल्या हॉकी स्टिक. परत पाठवायच्या म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. त्यापेक्षा मुलींनाच हॉकीपटू करणं गुरुजींना सोपं वाटलं. गुरुजी मूळचे भूगोलाचे. त्यांच्याकडे एक शिटी होती आणि मोबाईल होता. रात्री मोबाईलवर बघायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे, त्यामुळे आम्ही नेहमी त्यांच्या एक दिवस मागे असायचो.

मी डावखुरी. भंडारा जिल्ह्यात करडी गावाच्या पुढच्या आमच्या लहानशा गावात हा गुन्हा नव्हता, पण जवळपास तसाच होता. डाव्या हाताने घास उचलला की आई हातावर चापट मारायची. "लोकं काय म्हणतीन?" हा तिचा ठरलेला प्रश्न. देवळात एकदा मी प्रसादाला डावा हात पुढे केला, तर पुजाऱ्याने दिलेला प्रसाद परत मागून घेतला. फुटाणे होते, वर चार साखरेचे दाणे. देव बाटण्यापासून थोडक्यात वाचला. बाबा मात्र मला कधी काही बोलले नाहीत. ते खाली मान घालून जेवत राहायचे. म्हणून घरात माझा जीव फक्त त्यांच्यावर होता.

हॉकीत मी इतर मुलींच्या उलट, उजवा हात वर आणि डावा खाली धरायचे. स्टिकची एक बाजू सपाट, दुसरी गोल, आणि चेंडू सपाट बाजूनेच मारायचा असा नियम. तसं धरलं की स्टिकची गोल बाजू चेंडूकडे यायची आणि चेंडू भलतीकडे जायचा. बाबांनी एक दिवस बांधावरून हे पाहिलं. स्टिक हातात घेऊन उलटसुलट फिरवली, बोटाने सपाट बाजू चाचपली.

"हे तं उजव्यायची आहे," ते म्हणाले. "डाव्याची काहून नाही आणली?"

"नाही मिळत म्हणते गुरुजी."

"मिळत नाही म्हंजे बनवा लागते. लोहार डावा इळा बनवून देते का नाही? मंग?"

यात चूक काढणं कठीण होतं. आमच्याकडे धान कापायच्या विळ्याला दाते असतात आणि ते उजव्या हाताच्या बेताने पाडलेले असतात. डावखुऱ्या बाईने तो विळा धरला तर धान कमी आणि बोटं जास्त कापली जातात. म्हणून माझ्यासाठी बाबांनी लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा करून आणला होता. ज्या माणसाने विळा उलटा करून घेतला, त्याला स्टिकचं काय?

बाबांनी रंधा काढला. गोल बाजू तासून सपाट केली. सपाट बाजू गोल करायला जुन्या धोतराच्या पट्ट्या लाकडाच्या गोंदात बुडवून एकावर एक चिकटवल्या, वाळवल्या, कानशीने घासल्या. मग जवसाचं तेल पाजलं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. एवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग त्यांनी स्टिकला फासला, आणि शेजारच्या घरून मागून आणलेला बेगडही चिकटवला. शेतातला प्लास्टिकचा पाइप चिरून, चुलीवर मऊ करून माझ्या नडगीला बसेल असा वाकवला आणि आतून मोटारसायकलच्या फाटक्या सीटचा फोम लावला. मी मैदानात उतरले की बैलजोडीतला एकच बैल सुटून आल्यासारखं दिसायचं.

पण चेंडू लागायला लागला. तलावाचं पाणी मागे सरलं की जी सपाट जमीन उघडी पडते, तिथे मी रोज संध्याकाळी खेळायचे. गुरुजींनी स्टिक पाहिली आणि म्हणाले, "वा, जुगाड जबरदस्त आहे." यापलीकडे काही म्हणण्याइतकी हॉकी त्यांनाही येत नव्हती.

आईने मात्र अट घालून ठेवली होती. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुढे खेळायचं, नाही झाली तर दहावीनंतर मैदान बंद. "पोरगी काय जलमभर दांडा घेऊनच फिरन?" असं ती म्हणायची, आणि ती बोललेलं करून दाखवणारी बाई आहे.

निवड भंडाऱ्याला होती. बाबांसकट आम्ही सकाळी पोचलो, पाहुणे दुपारी पोचले. त्यांचा सत्कार झाला, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला. पाहुणे उन्हात उभ्या असलेल्या आम्हा मुलींना म्हणाले की, मुलींनी आता चौकट मोडली पाहिजे, वेगळी वाट धरली पाहिजे. आम्ही टाळ्या वाजवल्या. लगेच आमच्या स्टिक तपासायला घेतल्या गेल्या.

तपासणाऱ्या सरांनी माझी स्टिक उचलली आणि हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. "हे काय? सपाट बाजू डावीकडेच पाहिजे. डावखुऱ्यांची स्टिक नसतेच."

बाबा पुढे झाले. "नसते कशी? हे तं आहे तुमच्या हातात."

"काका, नियमात नसते."

"अन् डावखुरे लेकरं असतेत का नियमात?"

सरांनी स्टिक बाजूला ठेवली आणि ढिगातली एक मला दिली. चौकट मोडायच्या भाषणाला अर्धा तासही झाला नव्हता. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून सरांना वाटलं की मी घाबरले.

खेळ सुरू झाला. मी सवयीप्रमाणे उजवा हात वर धरला. चेंडू गोल बाजूला लागला, शिटी वाजली. पुन्हा लागला, पुन्हा शिटी. निवड करणारे कागदावर काही लिहीत होते आणि माझ्याकडे बघणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. आईचा शब्द मला मैदानाच्या मधोमध ऐकू यायला लागला.

तेवढ्यात चुन्याच्या रेषेपलीकडून बाबा ओरडले, "बाई, हात बदल."

हे मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण त्यांच्या तोंडून कधीच नाही. मी हात बदलले. डावा वर, उजवा खाली. पहिले काही चेंडू सुटले. मग एक बसला, मग दुसरा बसला, तिसरा तर सरळ गोलात गेला. रेषेबाहेर टाळ्या वाजवणारे बाबा एकटेच होते.

संघात माझं नाव आलं, राखीव खेळाडूंत. आईची अट पुरी झाली. परतीच्या बसमध्ये बाबा इतके खूश होते की शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी सगळी हकिकत सांगितली. तो माणूस उतरल्यावर ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "एका दिवसात जमलं तुले. जेवाले बी जमन का वं, असंच हात बदलून?"

इतकी वर्षं ते माझ्या बाजूने गप्प आहेत, असं मी धरून चालले होते.