बर्नार्डला पाय लागला

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, पण निदान चहा गिळून मग हसा. मागच्या वेळी जोशीनं माझ्याच शर्टावर सांडला होता.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. आम्ही मेडनहेडला, मी वर्क परमिटवर नवा. ऑफिसातला निक संध्याकाळी पार्कात अमेरिकन फुटबॉलची हौशी टीम चालवायचा. राहायचं इंग्लंडात आणि खेळायचं अमेरिकन! त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल घेऊन फेकणारा मुख्य माणूस, नोकरी बदलून बर्मिंगहॅमला गेला. निकनं विचारलं, "मिलिंद, तुला थ्रो जमतो?"

मला विचारतो! पुण्यात कव्हरवरून डायरेक्ट हिट मारणाऱ्या माणसाला!

"जमतो म्हणजे काय!" म्हटलं आणि घरी येऊन फोनकार्ड खरवडून सासऱ्यांना कळवूनही टाकलं, की जावई टीमचा मुख्य खेळाडू झाला. सासरे आयुष्यात पहिल्यांदा मला "वा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कळलं, जागा एक आणि उमेदवार दोन. दुसरा डॅरन, वय बावीस. "ड्रिल्समध्ये जो चांगला, तो रविवारी खेळणार," निक म्हणाला. आता हरून चालणार होतं का? ते "वा" परत गेलं असतं!

पहिलं ड्रिल, टांगलेल्या टायरमधून बॉल आरपार मारायचा. दहापैकी माझे आठ, डॅरनचे पाच!

दुसऱ्या ड्रिलला बर्नार्ड आला. हा प्लंबर, एकशे वीस किलोचा ऐवज. त्यानं पुढे ओणवं व्हायचं, मी मागे अगदी चिकटून उभं राहायचं, त्यानं पायांमधून बॉल माझ्या हातात द्यायचा. मग मी पाच पावलं मागे येऊन फेकायचा. सोपं आहे ना? उभा राहिलो आणि माझा बूट लागला त्याच्या टाचेला.

आता आपल्या लोकांचं कसं असतं, सांगा! कुणाला पाय लागला की हात आपोआप जातो. मी बर्नार्डच्या पोटरीला हात लावून छातीला लावला, तेवढ्यात त्यानं बॉल दिला आणि तो थेट माझ्या हनुवटीवर!

"ते काय होतं?" निक ओरडला.

खरं सांगून मोकळा झालो असतो. पण तो डॅरन दात काढत होता हो! मी म्हटलं, "सिग्नल."

"कसला?"

"हे केलं की... सगळ्यांनी डावीकडे पळायचं."

"ब्रिलियंट! समोरच्यांना कळणारच नाही!" निक खूश. पुढचा अर्धा तास मी बर्नार्डपासून पाय सांभाळून उभा, आणि मी मुद्दाम हात छातीला नेला की ते धिप्पाड गडी डावीकडे पळतायत. रविवारची जागा मला मिळाली.

रविवारी केतकी, म्हणजे आमची ही, हँडीकॅम घेऊन हजर. सासऱ्यांना सीडी पाठवायची होती ना! आणि मैदानात हा चिखल.

पहिला डाव उजवीकडे ठरलेला. मी उभा राहिलो, बूट घसरला, टाचेला लागला, हात छातीला. अख्खी टीम डावीकडे! मी उजवीकडे फेकलेला बॉल एका आजीबाईंच्या कुत्र्यानं नेला.

दुसऱ्या डावाला मनाला बजावलं, मिल्या, हात आवर. पुन्हा बूट, पुन्हा हात, पुन्हा डावीकडे! अहो, आईनं धपाटे घालून लावलेली सवय ती, निकच्या शिट्टीचं थोडंच ऐकणार? तिसऱ्या डावापासून समोरची टीम आमच्याआधीच डावीकडे जाऊन उभी! केतकी काठावरून किंचाळतेय, "अरे, नमस्कार कसले करतोयस? बॉल टाक!"

हाफटाइमला निक लालेलाल. "दर वेळी डावीकडे का?"

सांगितलं मग सगळं. लाजेनं मान वर होईना. आधी बर्नार्डच बोलला, "म्हणजे तू मला प्रत्येक वेळी सॉरी म्हणत होतास? इतकी वर्षं लाथा खातोय, आजवर कुणी म्हटलं नाही रे." त्याचे डोळे पाणावले. निकचे नाही.

"आता डॅरन खेळेल," तो म्हणाला. "आणि बर्नार्डचे गुडघे दुखतायत, तेव्हा यापुढे प्रॅक्टिसला त्याच्या जागी तू ओणवा हो."

तीन वर्षं ओणवा झालो, बरं का! साठ किलोचा मी! सासऱ्यांना सांगितलं, टीमचा सगळा खेळ माझ्यापासूनच सुरू होतो. खोटं नाही ते. पण त्या डॅरनचा बूट रोज माझ्या टाचेवर, पोटरीवर, कुठे कुठे म्हणून सांगू, आणि तीन वर्षांत मेल्यानं एकदा, एकदा तरी नमस्कार करावा की नाही?