चिठ्ठीवर विश्वास नसलेले साडू

रोजच्या ओळखीच्या माणसाला रोज त्याचं नाव विचारणारा गृहस्थ साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सत्तरच्या दशकात ते वर्ध्याहून रोज गाडीनं नागपूरला एका कचेरीत जात. तिथल्या थंडगार खोलीत खोलीएवढाच संगणक होता आणि रोज सकाळी तो साडूंच्या हातून सुरू होई. त्याची सारी माहिती ताटांच्या चळतीसारख्या चकत्यांवर असे. त्या चळती कोठीएवढ्या यंत्रांत बसवायच्या, आणि प्रत्येक यंत्राला नंबर.

"पण नंबर म्हणजे नुसती जागा, भाऊ," ते मला समजावत. "आज तिथं ही चळत, उद्या दुसरी. म्हणून आमचा संगणक उठला का एकेकीले विचारते, तू कोण? चळतीच्या पोटात तिचं नाव लिहून राह्यते, तेच वाचते. वरच्या चिठ्ठीकडे पाहत बी नाई. अन् दोघींनी एकच नाव सांगितलं, तर एकीले उतरवल्याशिवाय पुढं सरकत नाई."

झालं, साडूंनीही हाच बाणा घेतला. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या ते मानत नसत. बोट घालून चाखत. एकदा 'साखर' लिहिलेल्या डब्यात तिखट निघालं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांचा चेहरा मात्र विजयी होता. संध्याकाळी दाराशी बायकोची चाहूल लागली तरी आतून "कोण?" येई. ती बिचारी भाजीची पिशवी सांभाळत म्हणे, "मीच आहो. दुसरी कोण येईन?" शेजारच्या बारशात बाळाचं नाव सुरेश ठरलं, तर हे पाळण्यावर हात ठेवून उभे. "गल्लीत एक सुरेश आहे. दोघं संगंच ओ देतीन. आधी एकाले उतरवा."

"मंग त्या मोठ्याले उतरवू का आता?" बाळाच्या आत्यानं शांतपणे विचारलं.

पुढे त्यांची आई आजारी पडली. आम्ही दोघं इस्पितळात गेलो, तर आईच्या खाटेवर भलतीच बाई, आणि नर्स इंजेक्शन घेऊन त्याच दिशेनं येत होती. साडू पांढरे पडले. धावत तिच्या आडवे गेले. "खाट नका पाहू, बाई. आधी नाव विचारा."

नर्स आमच्याच भागातली होती. "काका, तुमच्या आईनं सकाळीच खिडकीजवळची खाट मागतली. हे इंजेक्शन तिचंच आहे, मी तिकडेच चालली. नाव काऊन विचारू? तीन दिवसांपासून मीच तिची वेणी घालून राह्यली."

साडू बाजूला झाले. खिडकीकडे गेले. आई डोळे मिटून पडली होती. त्यांनी हाक मारायच्या आतच ती पुटपुटली, "आला का, बापू?"

"हो, आई," साडू म्हणाले, आणि पायथ्याशी बसून तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. ती सारखीच होती, तरीही.