आठ स्क्रू आणि लाल खूण

आमच्या आत्याला गल्लीत 'कुलूप' म्हणतात. तीस वर्षं तिने कारखान्याच्या गोदामात सुटे भाग मोजून घेतले आणि मोजून दिले. एकदा एक बेअरिंग कमी भरलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्याच्यावर तिचा संशय, त्याला ती अहो-जाहो करते. मला ती अरे-तुरे करते, तरी मी गेलो की कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला जातात.

तिची मुलगी जन्मापासून बहिरी. नोकरीसाठी दूरच्या शहरात असते. दर रविवारी चार वाजता मायलेकी लॅपटॉपसमोर बसून हातांनी बोलतात. पण लॅपटॉप जुना. चित्र अडकायचं, मुलीचा हात हवेतच थांबायचा आणि अर्धं वाक्य बुडायचं. मागच्या रविवारी मुलीने 'राहू दे' अशी खूण केली आणि बंद केलं. तेव्हापासून आत्या धड जेवली नव्हती.

"अशीच कंटाळेल आणि सुटेल रे माझ्या हातून," ती मला म्हणाली.

आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "रॅम वाढवा. मागचे आठ स्क्रू काढायचे, जुनी पट्टी काढून नवी बसवायची. दहा मिनिटांचं काम."

"एवढं सोपं?" आत्या म्हणाली.

"एवढंच."

बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. "बसवणं सोपं, म्हणजे ढापणंही सोपंच की."

म्हणून तिने नवी पट्टी दुसऱ्याच दुकानातून आणली आणि दुरुस्तीवाल्याला रविवारी घरी बोलावलं. मला कामाला लावलं. त्याच्या उजव्या हातावर मी नजर ठेवायची, डाव्यावर ती. खरं सांगतो, मलाही तो माणूस गोड बोलणारा आणि म्हणूनच वाईट वाटत होता. संशय आमच्या रक्तातच आहे.

त्याने आठ स्क्रू काढून बशीत ठेवले. बॅटरीची वायर सोडवली, पट्टी बदलली, वायर पुन्हा जोडली, झाकण लावलं. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

साडेतीन वाजले होते.

"मघाशी चालू होता," आत्या म्हणाली. "तुम्ही काय बदललंत?"

"काकू, तुमच्या समोर तर बसवली."

"समोरच तर हात मारतात लोक."

त्याने पुन्हा आठ स्क्रू काढले, पट्टी उजेडात धरली. तिच्या सोनेरी दातांवर टपोरा लाल ठिपका होता.

"हे काय आहे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. नेलपॉलिशची बाटली खिडकीतच होती.

"खूण," ती म्हणाली. "कोणी अदलाबदल करू नये म्हणून. काळ्यावर दिसेना, म्हणून तिथे लावली."

"वीज तिथूनच जाते, काकू."

त्याने ठिपका हळूच खरवडला, कापसाला स्पिरिट लावून पुसला. पट्टी खटकन बसली, झाकण नुसतंच टेकवलं, पडदा उजळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता मुलगी पडद्यावर आली. तिचे हात झरझर चालले, कुठेही अडकले नाहीत. आत्याचे डोळे भरून आले. मग मुलीने आत्याच्या मागे उभ्या असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे बोट केलं आणि एक खूण केली.

"काय म्हणतायत त्या?" त्याने विचारलं.

आत्या खोटं बोलत नाही, हा तिचा दुसरा दोष.

"'हाच का तो चोर?' विचारतेय. आठवडाभर मीच तिला मेसेजवर लिहीत होते."

तो पुढे आला, लॅपटॉप टेबलाच्या कडेबाहेर थोडा सरकवून, वाकून खालून झाकणाचे स्क्रू लावू लागला. आठवा लावून झाल्यावर म्हणाला, "मोजून घ्या."

आत्याने मोजले नाहीत. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"बस रे इथे," ती म्हणाली. "पोरीला तुझी दुसरी खूण शिकवायचीय."

आणि स्क्रू फिरवल्यासारखी दोन बोटं तिने हवेत फिरवली.