शहापुरातल्या चार बायका

पुण्याहून निघालेली गाडी बेळगावात शिरली तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की स्टेशनाची पाटी डब्यासमोर येऊन थांबली तरी वाचता येईना. मी पुण्यातल्या एका चष्म्याच्या दुकानाचा माणूस. दर हिवाळ्यात भिंगांची पेटी घेऊन बेळगाव-निपाणीचा दौरा करायचा, डोळे तपासून नंबर लिहून घ्यायचे आणि चष्मे मागाहून टपालानं पाठवायचे, हे माझं काम. ही हकिगत दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या एका खेपेची.

टांगेवाल्यानं पेटीकडे पाहून विचारलं, "कन्नडकवाले काय?" कन्नडक म्हणजे कानडीत चष्मा. मी मान हलवली.

"मग आमच्या शहापुरास चला. गल्लीत एक म्हातारी हाय. तिला नसलेली माणसं दिसत्यात." त्यानं हे हसून सांगितलं नाही.

कॅम्पातली दोन घरं उरकून, चहाबरोबर कुंदा खाऊन मी दुपारी शहापुरात पोचलो. ऊन असं पडलंच नव्हतं. घराघरांतून मागांची खटाखट ऐकू येत होती. त्या म्हातारीच्या, गंगाक्कांच्या, घरातला माग मात्र मला पाहून थांबला आणि त्यांचा मुलगा परशराम बाहेर आला.

"अमावस्येला देवऋषी येणार हाय," तो म्हणाला. "आईच्या डोळ्यांस मिरचीची धुरी देतो म्हणालाय."

"असलेली नजरही जाईल त्यानं."

"मग तुम्ही सांगा, ती कुणाला बघती?"

मधल्या खोलीत गंगाक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पुढे झालो तशा म्हणाल्या, "हळू. तिच्या पदरावर पाय पडंल."

खाली नुसती सारवलेली जमीन होती. तरीही मी पाय उचलून बाजूला ठेवला.

कंदील लावून मी मधे भोक असलेल्या छोट्या आरशानं त्यांच्या डोळ्यात उजेड टाकला. निरोगी डोळा आतून निखाऱ्यासारखा लाल उजळतो. इथं काहीच उजळलं नाही. दोन्ही बाहुल्यांवर दुधावरच्या सायीसारखा पांढरा पडदा. पिकलेला मोतीबिंदू. माझी बोटं त्यांना मोजता येईनात.

"किती जणी दिसतात, आक्का?"

"चार. तिघी लख्ख. एकीच्या लुगड्याचा काठ बी सांगते. हिरवा, रुईफुलाचा."

त्या डोळ्यांना खिडकीची चौकटसुद्धा नीट दिसत नव्हती.

"आणि चौथी?"

"ती धुरकट. पण तीच वंगाळ. बोलत न्हाय, चालत न्हाय. रोज उशाला पाण्याचा तांब्या ठेवून जाती. परवा म्या शेगडीतला निखारा फेकला तिच्यावर."

नजर मंदावलेल्या शहाण्या माणसांनाही अशी चित्रं दिसतात, हे मी माझ्या गुरूंकडून ऐकलं होतं. तसं परशरामला सांगितलं. गंगाक्कांना डोळे मिटायला लावले. बायका गेल्या. उघडले, परत आल्या.

"बघ, हे डोळ्यांतलंच आहे."

"डोळं मिटल्यावर तुम्ही बी दिसत न्हाईसा, साहेब," परशराम म्हणाला.

मग पेटीतली एक काच आठवली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. ती एका डोळ्यापुढे धरली की समोरच्या एका वस्तूच्या दोन दिसतात. जे बाहेर आहे तेच दोन होणार. मनातल्या चित्राला काच काय करणार? ती मी गंगाक्कांच्या उजव्या डोळ्यापुढे धरली.

"खिडक्या किती?"

"एक हुती. आता दोन."

"आणि बायका?"

त्यांनी खोलीभर मान फिरवली. "तिघी एकेकच हायत. चौथीच्या दोन झाल्या."

"कुठं आहे ती?"

त्यांनी माझ्या पाठीमागच्या दाराकडे बोट केलं.

खरं सांगतो, मला मान वळवायची नव्हती. वळवली. दारात एक बाई उभी होती, हातात तांब्या. मनगटाला चिंधी बांधलेली.

"ही काशी," परशराम कसाबसा बोलला. "माझी बायको. हात चुलीत भाजला म्हणाली हुती."

दोन वर्षांपूर्वी माहेरी जाण्यावरून सासू-सुनेत वाजलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अबोला तसाच राहिला आणि गंगाक्कांची नजर गेली.

काशीनं तांब्या खाली ठेवला. "आत्या, म्या हाय."

गंगाक्का हवेत चाचपडल्या. हाताला चिंधी लागली तिथंच हात थांबला. मोतीबिंदू काढण्यासाठी मिरजेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून मी निघालो. परशरामनं ती कोनाड्यात ठेवली आणि परत मागावर जाऊन बसला.

निपाणीच्या वाटेवर मोटारीचं चाक बसलं आणि दोन तास माळावर काढावे लागले. निपाणीत हवेतच तंबाखूचा खकाणा (बारीक धूळ). तपासणाऱ्याच्या आणि तपासून घेणाऱ्याच्या, दोघांच्याही डोळ्यांना धार. चार दिवस कामात गेले, पण अमावस्या जवळ येत होती. परतायला कोल्हापूरची वाट सोपी होती; मी उलटा बेळगावला आलो.

स्टेशनातच गंगाक्का, परशराम आणि काशी भेटली, गाठोडं घेऊन. मिरजेला निघालेली. आम्ही एकाच डब्यात बसलो.

"त्या तिघी आल्यात का, आक्का?" मी न राहवून विचारलं.

"व्हय. तुमच्या बाजूलाच बसल्यात." मग त्या काशीकडे वळल्या. "तू बोलत ऱ्हा गं. गप्प बसलीस की मला कळत न्हाय, तू त्यांतली का घरातली."

काशी बोलू लागली. बाहेर दिसेल ते सांगत गेली: ऊस, बैल, पूल, पाटीवरची अक्षरं. मिरज येईपर्यंत तिचा आवाज बसला होता, पण ती थांबली नाही.

महिन्याभरानं परशरामचं कार्ड आलं. एक डोळा उघडला. त्या बाया परत दिसल्या नाहीत, आणि आई अधूनमधून त्यांची चौकशी करते.

त्या दिवशी मात्र मिरजेनंतर मी डब्यात एकटा उरलो. पुढच्या स्टेशनावर एक गृहस्थ चढले. माझ्या बाजूच्या बाकाकडे हात करून म्हणाले, "इथं कुणी बसलंय का?"

साधा प्रश्न होता. उत्तर द्यायला मला फार वेळ लागला.