आत घेतलेली कंबर

आमच्या वृद्धाश्रमात कोणाची तब्येत बिघडतेय हे सगळ्यात आधी कळायचं ते डॉक्टरांना नव्हे, मलाही नव्हे, धोबीणकाकूंना. नर्स असून हे कबूल करताना माझा अजून जळफळाट होतो. मी रोज बीपी मोजायची, आणि काकू कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायच्या, "सिस्टर, त्या बँकवाल्या काकांच्या डाव्या बाहीवर रोज चहा सांडतोय. हात बघा जरा." बघितला, तर हात थरथरत होता. पहिल्यांदा मी हसले होते; नंतर हसायची हिंमत झाली नाही.

काकूंचं खरं वाजायचं ते शिंपीआजोबांशी. चाळीस वर्षं पँटी शिवलेला माणूस. इस्त्री सूतभर सरकली तरी कपडा परत. "पोरी, पँटला क्रीज एक असते. तू दोन दिल्यास!"

"एक उद्याला ठेवा," काकू म्हणायच्या. पण या भांडणाशिवाय दोघांचाही दिवस जात नसे.

अंथरुणाला खिळलेल्यांची सोय आमच्याकडे वरच्या मजल्यावर. त्यामुळे 'वर गेले' हे आमच्याकडे दोन्ही अर्थांनी चालायचं. वर नेलेलं माणूस सहसा खाली येत नसे. आजोबांनी त्या जिन्याची धास्तीच घेतली होती.

एकदा पँट उलटी करताना काकूंना कमरेत आतून नवी शिवण दिसली. दोन आठवड्यांनी तिच्या आत दुसरी. मग तिसरी. आजोबा आपली पँट आपणच आत घेत होते, आणि तेही अशा सफाईने की बाहेरून कोणाला पत्ता लागू नये. काकूंनी विचारलं तसे त्यांनी चक्क हात जोडले.

"सिस्टरला बोलू नकोस. मला वर नेतील."

"अहो, पण जेवता की नाही नीट?"

"जेवतो गं. आधी शब्द दे."

काकूंनी दिला. आजवर कोणी आपल्यापुढे हात जोडले नव्हते, एवढंच कारण त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यांना काय बोलू? वजनाच्या दिवशी आजोबा काट्यावर उभे राहून आकडा स्वतःच सांगायचे, "बासष्ट." मी मान वर न करता बासष्ट लिहायची. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या माणसाच्या आकड्यावर शंका कशाला घ्यायची, असं मला वाटायचं. आळस होता तो, दुसरं काही नाही.

दोन महिन्यांनी आजोबा बाथरूममध्ये कोसळले. हॉस्पिटलातून आणलं ते थेट वर. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "पोटात गाठ आहे. दोन महिने आधी कळलं असतं तर काढता आली असती. आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं." काकू दारात धुतलेल्या चादरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघी आजोबांच्या खाटेपाशी गेलो. काकूंना बघून त्यांनी डोळे किलकिले केले.

"तू नाही ना सांगितलंस?"

काकूंनी नुसती मान हलवली. नाही.

आजोबांचा चेहरा खुलला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "शब्दाची पक्की आहेस, पोरी."

काकू चादरी घेऊन बाहेर आल्या आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. त्यांना खाली उतरता येईना.