दुसऱ्या मजल्यावरची सुनावणी

कालिंदीबाई वर्तकांशी भांडण काढू नये, हे कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या गल्लीत ऑटोवाल्यांपासून पूजेची वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पालिकेला. बाईंचा जन्म कलकत्त्यातला, उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. त्यामुळे आवाज असा कमावलेला की त्या स्वयंपाकघरात बोलल्या तरी कोपऱ्यावरचा मिठाईवाला झारा थांबवून कान देई. बंगाली त्यांचं शेजाऱ्यांइतकंच अस्खलित होतं. भांडत मात्र अस्सल आपल्या पद्धतीने, म्हणजे समोरच्याच्या आजोबांपासून सुरुवात करून. गल्ली त्यांना माशिमा म्हणे, म्हणजे मावशी. त्या मायेत थोडी भीतीही मिसळलेली होती.

त्यांचे यजमान चारुदत्त अगदी उलट, मऊ आणि गप्पिष्ट. खिदिरपूरच्या गोदीत एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी जन्म काढला आणि जगभरच्या खलाशांशी गप्पा मारल्या. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली ती गेलीच, शिवाय जिभेवरून बंगाली, हिंदी, इंग्रजी, सगळ्या भाषा पुसल्या गेल्या. उरली ती घरची मराठी, तीही तुकड्यातुकड्यांनी. समोरचा काय बोलतो ते त्यांना सगळं कळायचं, उत्तर मात्र मराठीतच यायचं.

घराच्या दारालगत लाल सिमेंटचा ओटा होता, फूटपाथवर हातभर पुढे आलेला. जुन्या कलकत्त्यात असे ओटे घरोघरी असतात आणि अर्धी गल्ली त्यांवर बसून देश चालवत असते. रोज संध्याकाळी कालिंदीबाई नवऱ्याला धरून उंबऱ्याबाहेर आणत आणि ओट्यावर टेकवत. त्याखालच्या पायऱ्या उतरणं चारुदत्तांना जमत नसे. पण उतरायची गरजच काय होती? जाणारा येणारा थांबे. ‘की चारुदा’, म्हणजे काय चारुदा, म्हणून शेजारी बसे, फुटबॉलवरून भांडे. चारुदत्त मराठीत उत्तर देत, समोरचा बंगालीत पुढे चालू ठेवी, आणि कोणाचं काही अडत नसे. त्यांचं जग आता तेवढंच उरलं होतं.

आणि नेमका त्याच ओट्यावर पालिकेचा डोळा गेला. नवा उपविधी येणार होता. फूटपाथवर आलेला प्रत्येक ओटा, पायरी, कठडा तोडायचा. मसुदा तयार होता, लोकांचा सल्लाही म्हणे घेऊन झाला होता. ही बातमी घेऊन नगरसेवकाचा माणूस दारात आला तेव्हा कालिंदीबाई भेंडी चिरत होत्या.

“कोणाचा सल्ला घेतलात?” त्यांनी विचारलं.

“पब्लिकचा, माशिमा. नोटीस लावली होती ना, ऑफिसात.”

बाई दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन नोटीस पाहून आल्या. ती आतल्या पॅसेजमध्ये होती, इंग्रजीत, आणि तिच्यासमोर फायलींनी भरलेलं कपाट. सल्ला घ्यायचा आहे, पण कोणी दिलाच तर पंचाईत, असा एकूण बेत. ताकाला जाऊन भांडं लपवतात ते असं. हरकतीची मुदत अजून उलटली नव्हती हे पालिकेचं दुर्दैव. घर चारुदत्तांच्या नावावर, म्हणून त्यांच्याच नावाने बाईंनी हरकत ठोकून दिली. उलट टपाली बोलावणं आलं: हरकतदाराने स्वतः हजर राहावं, सभागृह, दुसरा मजला.

लेक मधुवंती हावड्याला राहायची. तिने फोनवरून समजूत घातली. “आई, बाबांना खिडकीशी खुर्ची टाकून दे ना. तिथूनही दिसतंच की सगळं. कशाला या वयात दगदग?”

“खिडकीत माणूस नाही बसत, कुंडी बसते,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुनावणीच्या दिवशी मधुवंती कुरकुरत का होईना, आली. दोघींनी चारुदत्तांना टॅक्सीत घातलं, चाकाची खुर्ची मागे चढवली. पालिकेची इमारत जुनी, जिना अरुंद, आणि लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ची पाटी. पाटीचा रंगच सांगत होता की तिला नोकरीत बरीच वर्षं झाली आहेत. जिन्याच्या तोंडाशी गल्लीतली आणखी तीन-चार म्हातारी माणसं काठ्या टेकून वर बघत उभी होती. ज्यांचे ओटे जाणार होते ती ही मंडळी. ज्यांना जिना चढता येत होता, त्यांना ओट्याची फिकीर नव्हती.

शिपाई खाली आला. माणूस भला होता. “काही काळजी करू नका, माशिमा,” तो म्हणाला. “चौघे जण बोलावतो. दादांना खुर्चीसकट उचलून वर नेतो.”

“हो ना, आई,” मधुवंती म्हणाली, “नेऊ दे ना. पाच मिनिटांचं तर काम.”

“उचलून?” बाईंचा आवाज चढला. “हा माणूस आहे की पेटारा? यांना यायला सांगता आणि चढायची सोय ठेवत नाही? मी सांगते, सुनावणी खाली आणा! आम्ही कोणी वर येणार नाही!”

वरच्या कठड्यावर डोकी जमली. सुनावणी घेणारे भौमिकबाबूही डोकावले. खाली सगळे चारुदत्तांकडे बघत होते, आणि चारुदत्त मान खाली घालून मांडीवरच्या निकामी हाताकडे. त्यांचे कान लाल झाले होते.

ते दिसलं आणि कालिंदीबाई थबकल्या. आम्हाला कोणी विचारलं का, म्हणून त्या महिनाभर गावभर तणतणत होत्या. पण ज्याच्या नावाने हरकत घेतली त्याला तरी कोणी विचारलं होतं? उठायचं कधी, जेवायचं काय, बसायचं कुठे, झटका आल्यापासून सगळं त्याच ठरवत आल्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटण्याची बाईंना मुळीच सवय नव्हती. त्या खुर्चीपुढे वाकल्या.

“अहो,” त्या हळू म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. वर जायचंय?”

चारुदत्तांनी वेळ घेतला. ओठ हलले, शब्द अडला, परत जुळला. “नाही,” ते म्हणाले. “इथे. बोलतो... मी.”

“हे इथेच बोलणार आहेत,” बाईंनी वर बघून बंगालीत सांगितलं. काठ्या टेकलेल्या मंडळींतून कोणीतरी म्हणालं, आम्हीही इथेच. एक आजी तर सरळ पहिल्या पायरीवर बसकण मारून मोकळ्या झाल्या. जिना अडला. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. शेवटी चष्मा सावरत भौमिकबाबूच उतरले, त्यांच्यामागून टिपणं घेणारा कारकून. बसायला दुसरं काहीच नव्हतं, तेव्हा तेही आजींच्या वरच्या पायरीवर बसले.

“बोला,” ते म्हणाले. “हरकत काय आहे?”

हरकत काय आहे ते कालिंदीबाईंच्या जिभेवर तयार होतं, मीठमिरचीसकट. त्यांनी ते गिळलं. असं गिळणं त्यांना फार जड गेलं.

“मी... बसतो तिथे,” चारुदत्त म्हणाले. “लोक... थांबतात.”

“काय म्हणाले?”

बाईंनी तेवढंच बंगालीत सांगितलं. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला द्यायचं, आपलं मधे घालायचं नाही, हे एक्स्चेंजमध्ये त्या पूर्वी पगार घेऊन करत असत.

भौमिकबाबूंनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. “पण फूटपाथ चालणाऱ्यांचा असतो. तो मोकळा नको?”

“हवा,” चारुदत्त म्हणाले. “मी पण... चालायचो. आता... बसतो. माझा पण... आहे.”

बाईंनी ते सांगितलं. पायरीवरच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. कारकुनाने लिहून घेतलं.

“हरकत नोंदवली,” भौमिकबाबू उठता उठता म्हणाले. “विचार होईल. मात्र आशा दाखवत नाही. नियम झाला तर ओटा तोडावा लागेल. मग दादा कुठे बसणार, त्याची काही सोय बघून ठेवा.”

“आई, निघू या,” मधुवंतीने खुर्चीला हात घातला. चारुदत्तांनी डाव्या हाताने चाक घट्ट धरून ठेवलं.

“तिथेच,” ते म्हणाले. चेहरा घामेजला होता, पण या वेळी मान वर होती. “ओटा तोडा. मी... फूटपाथवर... बसेन. मग... चौघे आणा. आणि... उचला.”

भौमिकबाबू जिन्यात थांबले. “काय म्हणाले?”

कालिंदीबाईंनी बंगालीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, पण दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.